त्याला आणणार कधी?

काही प्रकरणं फाइल बंद झाली तरी डोक्यातून जात नाहीत, त्यातलं हे एक. खून नाही, दरोडा नाही, पेपरात एक ओळ छापून आली नाही. तरी कोणी विचारलं, "साहेब, लक्षात राहिलेली एखादी केस सांगा," की माझ्या डोळ्यांसमोर आधी तीच बाई येते. तिचं नाव मी सांगणार नाही, बाकी कोणाचंही सांगणार नाही. नावांशिवाय अडत काही नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी शक्की माणूस आहे. आजोबा गिरणीत कारकून म्हणून इंदूरला आले, वडील मास्तर, घरात सगळे सरळ रेषेतले. मी एकटाच असा कसा निघालो, देव जाणे. बायको म्हणते, दूधवाल्याने चांगलं दूध घातलं तरी हे विचारतात, आज चांगलं का घातलं? म्हणू दे तिला. ह्याच शंकेवर मी नोकरी काढली आणि टीआय, म्हणजे ठाण्याचा प्रमुख, म्हणून बाहेर पडलो.

तेव्हा मी परदेशीपुऱ्याच्या बाजूच्या एका ठाण्यात होतो. निवृत्तीला फार काळ राहिला नव्हता. सकाळची गणना, म्हणजे हजेरी, आटोपली होती, ड्यूट्या वाटून झाल्या होत्या, आणि मी रोजनामचा, म्हणजे ठाण्याची डायरी, बघत बसलो होतो. एक बाई आत आली. चाळिशी ओलांडलेली, जवळच्या रेडीमेड कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणारी. मी मराठी आहे हे तिला कोणीतरी सांगितलं असावं, कारण तिने सरळ मराठीत सुरुवात केली.

"साहेब, रिपोर्ट लिहायची आहे. चोरीची."

"काय गेलं?"

"आईच्या सोन्याच्या पाटल्या. भावाने नेल्या."

"कधी?"

"झाली काही वर्षं."

"आणि भाऊ कुठे आहे?"

"जेलमध्ये," ती म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं. भाऊ मोहल्ल्यातल्या एका भांडणात शिक्षा झालेला कैदी. त्या भांडणात चाकू चालला होता, एक माणूस मेला होता. आरोपी दोन होते. हा सापडला, त्याला मोठी शिक्षा लागली. दुसरा तेव्हापासून फरार. हा भाऊ इतकी वर्षं इंदूरच्याच जेलात होता. जेल भरून वाहायला लागलं, तसे काही कैदी बाहेरच्या जेलांमध्ये पाठवले, त्यात ह्याला नुकतंच रीव्याच्या बाजूला, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला हलवलं होतं.

मी तिला सांगितलं की चौकशी करू. मग तिने जो प्रश्न विचारला, त्याने माझे कान टवकारले. ज्याचं सोनं चोरीला जातं, तो माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो: माल परत मिळेल का? नोकरीभर हेच ऐकलं. ह्या बाईने पाटल्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिने विचारलं, "मग त्याला इंदूरला आणणार कधी?"

ती गेल्यावर माझ्या प्रधान आरक्षकाने, म्हणजे हवालदाराने, मूळचा इंदूरचाच तो, दारातून तिच्या पाठीकडे बघत मान हलवली. "साब, अपने को तो गड़बड़ लग री हे."

अपने कोही लागत होती. वरिष्ठांची परवानगी घेऊन मी गुन्हा लगेच न नोंदवता आधी प्राथमिक चौकशी लावली. ती बाई मात्र चिकाटीची. कारखान्याची सुट्टी झाली की ठाण्यात हजर. "साहेब, काय झालं? केस बनली का?" लोक केस मिटवायला खेटे घालतात. ही केस बनवायला घालत होती, आणि तीही सख्ख्या भावावर.

त्यातच मुखबिराची खबर आली. मुखबिर म्हणजे आमचा खबऱ्या. हा सरकारी दवाखान्याबाहेर पार्किंगच्या चिठ्ठ्या फाडायचा, दिवसभर कोण आलं कोण गेलं हे बघणं हाच त्याचा विरंगुळा. म्हणाला, "भिया, एक बाई एक दिन छोड़ के आती हे. कैदी वार्ड के बाहर गार्ड लोगों से बात करती हे. पूछती हे, बाहर के जेल से पेशी पे लाते हें तो कौन से रास्ते से लाते हें, बीच में कां रुकते हें, घरवाले पास जा सकते हें क्या." दवाखान्यात कैद्यांसाठी वेगळा वॉर्ड असतो, त्याच्याबाहेर हे चाललं होतं. वर्णन जुळलं. आणि त्याने आणखी एक गोष्ट सांगितली: तिला सोडायला एक माणूस येतो, हेल्मेट घातलेला, आणि ते तो कधी काढत नाही.

आता माझ्या जागी कोणीही असता तर काय समजला असता? भाऊ लांबच्या जेलात. बहीण त्याच्यावर नवी केस ठोकते, म्हणजे कोर्टाच्या तारखेला त्याला गाडीत घालून इंदूरला आणावं लागेल. बहीण गार्डांना रस्ता विचारते, थांबे विचारते. एक साथीदार फरार. आणि तोंड लपवणारा एक माणूस दर खेपेला तिच्यासोबत. पेशीवरून कैदी पळवायची तयारी अशीच होते. मला तर सगळं कसं हातात आयतं आल्यासारखं वाटलं, आणि आयत्या गोष्टीवरसुद्धा माझा विश्वास नसतो, पण तेव्हा बसला.

साध्या कपड्यातली एक महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, मी तिच्या मागावर लावली. पोरगी हुशार होती, राऊच्या कॉलेजातून शिकून थेट भरती झालेली. तिने बातमी आणली: बाई घरी आईबरोबर राहते, आईला घेऊन दवाखान्यात जाते, आईला आत सोडते आणि मग गार्डांकडे जाते. "सर, आई आत खूप वेळ असते. कुठल्या वॉर्डात ते नाही कळलं, आत सोडत नाहीत."

मी म्हणालो, बोलवा बाईला.

बाईला ठाण्यात बोलवायचं तर दिवसाउजेडी, आणि महिला आरक्षक समोर पाहिजे. तसंच केलं. चहा पाजला. मी जोर लावणारा अधिकारी नव्हतो. मी तेच तेच विचारणारा अधिकारी होतो, आणि माझ्या अनुभवात माणूस मारापेक्षा ह्याला जास्त लवकर कंटाळतो.

"पाटल्या कशा होत्या?"

"जुन्या घडणीच्या. एकीचा पेच ढिला होता, आई दोरा बांधायची."

"भावाने नेताना बघितलंत?"

"कपाटातून काढताना बघितलं."

"मग इतकी वर्षं काय केलंत?"

"घरची इज्जत होती साहेब. आता सहन नाही होत."

"भाऊ इथे होता तोवर सहन होत होतं, रीव्याला गेला आणि होईना?"

तिने चहाचा कप उचलला. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिने पुन्हा त्याच शब्दांत उत्तरं दिली, दोऱ्यासकट. खरं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना कुठेतरी अडखळतो, काही नवं आठवतं, काही जुनं सुटतं. हिचं पाठ होतं.

"आणि तो हेल्मेटवाला कोण?"

ह्यावर मात्र ती खरोखर गोंधळली. "कोण हेल्मेटवाला? तो गल्लीतला लोडिंग रिक्षावाला, सामान वाहतो तो? त्याचे दात पडलेत साहेब, लाज वाटते त्याला, म्हणून काढत नाही."

महिला आरक्षकाने तोंड फिरवलं. हसत होती. मला हसू आलं नाही. मी ठरवलं की आता आईलाच भेटायचं, आणि ती बाई घरी जाऊन आईला पढवायच्या आत. तिला म्हणालो, "चला, तुमच्या घरी चहा पिऊ."

घर म्हणजे पुढे एक खोली, मागे एक. शिलाईचं मशीन खिडकीशी. आई खाटेवर बसली होती, सुकलेली, पण नजर तरतरीत. वर्दीवाले बघून ती घाबरली नाही. ज्या घरातून एकदा मुलगा बेड्या घालून नेला, तिथे वर्दीचं भय राहत नाही, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलं आहे. मी इकडचं तिकडचं बोललो, माझे आजोबा कुठल्या गिरणीत होते ते सांगितलं, मग अगदी सहज विचारलं.

"माई, तुमच्या जुन्या पाटल्या होत्या ना, पेच ढिला असलेल्या, त्यांचं काय झालं हो?"

"त्या होय? त्या मोडल्या की," आई म्हणाली. "पोराच्या वकिलाच्या वेळेला. ही घेऊन गेली होती मला सराफ्यात. दोरासुद्धा तिथेच काढला मी."

मुलगी चहा गाळत होती, ती तशीच उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं. खोटं उघडं पडलं की माणसाचा चेहरा उतरतो. हिचा उतरला नाही, उलट हायसं वाटल्यासारखा झाला. भावाला चोर म्हणायचं ओझं उतरलं होतं, हे मला नंतर कळलं.

"का हो? पाटल्यांचं काय?" आईने विचारलं.

मी सांगितलं. तुमच्या मुलीने तुमच्या मुलावर चोरीची तक्रार दिली आहे.

आई मुलीकडे वळली. आवाज चढवला नाही. "भावाला चोर म्हणालीस? लोक खुनी म्हणतात ते पुरत नव्हतं होय गं?"

तेव्हा ती बाई फुटली. खाली बसली आणि बोलत सुटली, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. भावाला हलवलं त्याची घरी कोणी खबर दिली नव्हती. ती नेहमीप्रमाणे मुलाकातीला गेली, आईला घेऊन, पिशवीत त्याच्यासाठी साबण आणि बनियन. रांगेत उभी राहिली, नंबर आला, खिडकीवरचा म्हणाला, "वो तो गया." ती म्हणाली, "कां गया?" तो म्हणाला, "ट्रान्सफर." पुढच्याचा नंबर पुकारला.

"रांगेत एक बाई होती साहेब. तिचा पोरगा राहिला होता. ती म्हणाली, मेरे छोरे का एक केस अभी यां के कोर्ट में चल रिया हे, इसीलिए बच गया. जिसका यां कोई केस बाकी नहीं, उसको भेज दिया. तेरे भाई पे भी कोई होता तो..." ती थांबली, पदराने नाक पुसलं. "आता मी केस कुठून आणू? बाहेर कोणी देणार नाही. मग घरातूनच आणली."

"आणि गार्डांना रस्ता कशाला विचारत होता?"

"पेशीवर आणलं तर आईला लांबून तरी भेटवता येईल का, हे विचारत होते. दुसरं कोणाला विचारू?"

"आणि तो फरार? त्याचा काही निरोप?"

"तो नालायक दिसला ना, तर मीच तुम्हाला फोन करीन."

आईने डावा हात माझ्यापुढे केला. त्या हातात एकही बांगडी नव्हती, आणि मनगटाच्या वर शीर फुगून दोरखंडासारखी झाली होती. "हात लावा साहेब. तुम्ही शंका घेताय, घ्या, ते तुमचं काम. पण हात लावून बघा."

मी बोट ठेवलं. कातडीखाली बारीक थरथर चालू होती, चालू पंख्याच्या जाळीला हात लावल्यासारखी. मी हात मागे घेतला.

"किडन्या गेल्या," आई म्हणाली. "एक दिवसाआड मशीनवर. त्यासाठी ही शीर जोडून दिली. रोज सकाळी बोट ठेवून बघायचं, थरथर आहे ना. थांबली तर धावत या, असं डॉक्टर म्हणतात. रीव्याला जायचं तर रात्रभर गाडी, तिकडे दिवस, परत रात्रभर गाडी. माझी पाळी चुकते, आणि चुकून नाही चालत. इथे होता तेव्हा आम्ही रिक्षाने जात होतो."

"व्हिडिओवर भेट देतात ना," मी म्हणालो.

"दिली. भल्या माणसांनी दिली, कशाला नाव ठेवू. मी हा हात फोनपुढे धरला. तो म्हणाला, दिसला आई. पण हे दिसायचं आहे का?"

मग आईने विचारलं, "साहेब, केस झाली तर त्याला खरंच आणतील?"

माझा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

"मग लिहा," ती म्हणाली. "पाटल्या माझ्या होत्या. त्यानेच चोरल्या. मी सही करते."

पाच मिनिटांपूर्वी जी आई मुलीला जाब विचारत होती, तीच आता मला कागद मागत होती. मी पाणी मागितलं आणि ते पिऊन झाल्यावर जे सांगायलाच हवं होतं ते सांगितलं. खोटी फिर्याद हा स्वतःच एक गुन्हा. ते सोडा. इथे केस चालू असली की हलवत नाहीत, हे अर्धं खरं. एकदा हलवल्यावर नवी केस केली तरी त्याला इथे आणतीलच असं नाही, आता बऱ्याच पेशी पडद्यावर होतात, तो तिथल्या जेलातून बोलेल आणि इथले जज ऐकतील. आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे, नवी केस चालू असलेल्या कैद्याला सुट्टीवर, म्हणजे पॅरोलवर, घरी सोडताना दहादा विचार होतो. पुढे कधीतरी तो चार दिवस घरी आला असता, तेही ह्या पाटल्यांनी बंद झालं असतं.

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "मी त्याचा रस्ताच बंद करत होते?"

"करत होतात. अजून केला नाहीत."

जेलच्या मुलाकातीच्या रांगेत एक वेगळंच कोर्ट भरतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिथे सगळे एकमेकांचे वकील. एकीच्या पोराचं नशीब हे दुसरीला कायदा म्हणून मिळतं, आणि लोक त्यावर घर उलथं करतात. नियम कोणीतरी भिंतीवर लावलेले असतात. पण ते वाचून आपल्या घराला काय लागू हे सांगणारा माणूस तिथे नसतो.

आता मी विश्वास ठेवला असं समजू नका. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो आणि आईचं नाव मशीनच्या पाळीत आहे का ते बघून आलो. होतं. सराफ्यातल्या त्या दुकानात गेलो. म्हाताऱ्या सराफाला ढिला पेच आणि दोरा दोन्ही आठवलं. लोडिंगवाल्याला ठाण्यात बोलावून हेल्मेट काढायला लावलं. दात खरोखरच नव्हते. बिचारा शरमून गेला.

फिर्यादीची चौकशी मी नस्तीबद्ध केली, म्हणजे फाइल बंद. बाईला लेखी समज दिली. आणि सरळ रस्ता दाखवला: दवाखान्याचा कागद जोडून अर्ज करा की आईचा आजार असा आहे, मुलाला पुन्हा इथल्या जेलात ठेवा. असा अर्ज गेला की जेलचे वरिष्ठ घरच्या ठाण्याचं मत मागतात. म्हणजे फिरून तो माझ्याच टेबलावर आला.

प्रधान आरक्षक म्हणाला, "साब, ना लिख दो, झंझट ख़तम. दूसरा तो अभी फरार हे. कल को कुछ हुआ तो?"

तो चुकीचं बोलत नव्हता. "सहमत नाही" लिहिणारा अधिकारी कधी अडकत नाही. हो लिहिलं आणि उद्या काही विपरीत घडलं, तर लोक सही कोणाची ते शोधतात. नाही लिहिल्यामुळे कोणाची आई मुलाला न भेटता मेली, ह्याची विचारणा कोणी करत नाही. पेन्शन जवळ आली होती. मी त्यावर एक रात्र झोपलो, उठलो, आणि जे बघितलं ते लिहिलं. फरार आरोपीचा ह्या घराशी संपर्क आढळला नाही. आईचा आजार खरा आहे. कैद्याला इंदूरच्या जेलात परत आणण्यास हरकत नाही. आणि खाली सही केली.

उत्तर यायला बरेच महिने लागले. ती बाई आता ठाण्यात येत नव्हती, आणि मीच अधूनमधून महिला आरक्षकाला विचारायचो, "माई आहे ना गं?" ती म्हणायची, "आहे सर." पावसाळा गेला, दिवाळीही गेली, आणि मग एक दिवस आदेश निघाला.

त्यानंतरच्या पहिल्या मुलाकातीला मी गेलो. साध्या कपड्यात, जेलवाल्यांना सांगून, गार्डांच्या बाजूला उभा राहिलो. मी काही मायेपोटी गेलो नव्हतो. फरार माणूस आजच्या दिवशी तिथे टपकतो का, हे मला बघायचं होतं. टपकला नाही. पुढे तो दुसऱ्याच राज्यात सापडला, आणि ह्या घराशी त्याचा धागादोरा काही निघाला नाही.

जाळीच्या अलीकडे आई आणि मुलगी, पलीकडे तो. बारीक झाला होता. तोच आधी बहिणीला म्हणाला, "ताई, मला चोर केलंस म्हणे."

"आधी पाटल्या परत दे, मग बोल," बहीण म्हणाली, आणि तिघं हसली आणि लगेच रडायला लागली.

आईने डाव्या हाताची बाही वर केली आणि हात जाळीला टेकवला. त्याने जाळीतून दोन बोटं बाहेर काढली. माझी नजर आपोआप बोटांवर गेली. काही देतोय का, काही घेतोय का? नोकरीभराची सवय, ती काय एका दिवसात जाते? माझ्या शेजारचा गार्डही पुढे सरकला, "ए, हाथ पीछे!"

मी त्याच्या दंडाला धरलं. "राहू दे," म्हणालो. "कुछ नहीं दे री हे."

त्याची बोटं त्या शिरेवर होती. डोळे मिटून तो कितीतरी वेळ तसाच उभा होता. मग म्हणाला, "चालू आहे गं आई."

मी आजही शक्कीच आहे. घरी दूध चांगलं आलं तर विचारतोच. पण खोटं बोलणारा माणूस समोर आला की मी आधी समजायचो, ह्याला काहीतरी लाटायचं आहे किंवा काहीतरी लपवायचं आहे. ह्या दोनच खणांत मी माणसं टाकत आलो. त्या बाईला ह्यातलं काहीच करायचं नव्हतं, तिला फक्त भाऊ आईच्या हाताला लागेल इतक्या अंतरावर हवा होता, आणि हे तिने पहिल्याच दिवशी, माझ्या टेबलासमोर उभं राहून, मला सरळ विचारलंही होतं.